घडी

पहिला आठवडा मी लोवरीच्या शेजारी बसले,
सात दहाची बस, डोल्गेथ्लीहून बार्मथ,
खाडीच्या कडेकडेनं. खिडकी तिची.
दुसऱ्या आठवड्यात दोन बाकं मागे.
तिसऱ्यात मागच्या बसनं गेले,
तर ती केव्हाच हॉटेलात शिरलेली
आणि मी थांब्यावर, हातात दोन डबे.

माझं कामच असं:
कुणाच्या तरी दिवसातून काढता पाय घ्यायचा,
पण पाऊल वाजू द्यायचं नाही.

कॉलेजनं तिला सात प्रमाणपत्रं दिली होती.
चहा करणे, पातळी एक.
चहा करणे, पातळी दोन.
मग चार वर्षं नुसता अनुभव:
जुन्या कपड्यांच्या दुकानात हँगर लावायचा अनुभव,
लायब्ररीत पुस्तकं पुसायचा अनुभव.
तिला पगार द्यायचा अनुभव
गावात कुणीच घेतला नाही.

मुलाखतीत मिस्टर प्रिदर्ख म्हणाले,
पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे पाहतेस?
लोवरीनं खोलीभर नजर फिरवली.
म्हणाली, आरसा नाहीये इथे.
ते हसले. मग हसायचे थांबले.
कागद बाजूला सारून म्हणाले, चल,
धुलाईघर दाखवतो.

तिथे ती चादर होती,
चारी कोपऱ्यांना रबर असलेली,
जिची घडी मला आजतागायत जमलेली नाही.
मी तिचा बोळा करते आणि कपाटाचं दार लावते.
लोवरीनं दोन कोपऱ्यांत हात घातले,
बाहुल्या नाचवाव्यात तसे,
ईन, दाय, त्री, पेदवार, मोजत मोजत
कोपऱ्यात कोपरा, कडेला कड.
शेवटी टेबलावर एक चौकोन उरला,
पावासारखा.

सोपं काहीच नव्हतं.
बोझेना म्हणाली, ही फार सावकाश आहे,
माझ्या वाट्याला जास्त गठ्ठे येतात.
खरंच येत होते.
यंत्राच्या बटणांवर आम्ही रंगीत टिकल्या लावल्या,
टॉवेल हिरवा, चादरी निळ्या.
महिन्याभरात बोझेनाही टिकल्या बघूनच बटण दाबायला लागली,
पण तसं ती कबूल करत नाही.
तास वाढले तर भत्ता कापतील का,
लोवरीच्या वडिलांनी तीनदा विचारलं.
चौथ्यांदा विचारतील तेव्हाही
मला छातीठोक सांगता येणार नाही.

पहिल्या पगारातून तिनं मोहरीच्या रंगाचं कार्डिगन घेतलं
आणि सहा आठवडे त्याची घडी मोडली नाही.
कशासाठी ठेवलंयस? मी विचारलं.
म्हणाली, बघायला.

नोव्हेंबरात एका पहाटे खाडी रस्त्यावर आली.
बस आलीच नाही.
मला कळलं ते दुपारी, बोझेनाकडून,
हसून हसून तिला बोलता येईना:
सात पंचवीसला लोवरीचा फोन.
बस नाही. मला उशीर.
चादरींना कुणी हात लावू नका.

बोझेनाला फोन. प्रिदर्खना निरोप.
मला नाही.

आधी बरं वाटलं.
मग ताटातलं गार होईपर्यंत
मी खिडकीशी उभी राहिले.
काही कळेना, आनंदाला असा
एक दुखरा कोपरा का असतो,
रबर लावल्यासारखा,
कसाही दुमडा, बाहेर येतोच.

शुक्रवारी तिची फाइल बंद केली.
खाली ग्विदिओनची होती.
एकोणीस वर्षांचा. वाचता येत नाही.
डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून सांगतो
रस्त्यानं कुणाचा ट्रॅक्टर चाललाय
आणि त्याला काय झालंय.
गावात तीन गॅरेजं आहेत.
दोघांनी नाही म्हटलंय.

सोमवारी आठ वाजता तिसऱ्याकडे जाते आहे.
ग्विदिओनच्या शेजारी बसून.